न्यायमूर्ती रानडे आणि दक्षिणेतील दुष्काळ

नाशिक जिल्ह्यात, गोदावरीच्या खोऱ्यात निफाड हे तालुक्याचे गाव आहे. याच गावी १८ जानेवारी १८४२ रोजी महादेव गोविंद रानडे यांचा जन्म झाला. त्यांचे वडील गोविंदराव त्या वेळी तेथील कचेरीत कारकून होते. पुढे त्यांना कोल्हापुरास नोकरी मिळाली व कुटुंबाने तिकडे बिऱ्हाड हलविले. महादेव दोन-अडीच वर्षांचा असताना बैलगाडीच्या अशाच एका लांबच्या प्रवासात, रात्रीच्या वेळी, गाडीला हिसका बसून तो खाली पडला. गाडीतील मंडळी झोपेत होती. गाडी तशीच पुढे गेली. मागून त्याचे विठूकाका घोड्यावरून येत होते. टापांचा आवाज ऐकताच काळोखातून मुलाने काकांना हाक मारली आणि आपण पडलो असल्याचे सांगितले. रडून गोंधळ न करता जे घडले ते नीट सांगावयाचे, हा स्वभाव त्यांच्यात पुढेही टिकून राहिला. लहानपणी मात्र घरच्या माणसांना हे मूल मंद वाटे. कारण ते फार कमी बोले, आणि बोलले तरी त्याचे उच्चार स्पष्ट नसत.

कोल्हापुरातील शिक्षण संपवून माधवराव मुंबईच्या एल्फिन्स्टन विद्यालयात गेले. मुंबई विद्यापीठातून १८६२ साली जे पहिले चार विद्यार्थी बी. ए. झाले, त्यांत ते होते. रात्रंदिवस वाचन केल्यामुळे त्यांचे डोळे अधू झाले, ते कायमचेच. पुढे एम. ए. व कायद्याची परीक्षा उत्तीर्ण होऊन ते न्यायखात्यात शिरले आणि १८७१ साली पुण्यास न्यायाधीश म्हणून आले.

पुण्यात त्या वेळी सार्वजनिक सभा स्थापन होऊन एक वर्ष झाले होते. २ एप्रिल १८७० रोजी स्थापन झालेल्या या सभेचे प्राण म्हणजे गणेश वासुदेव जोशी. लोक त्यांना प्रेमाने सार्वजनिक काका म्हणत. ही सभा चार सुशिक्षितांनी जमून काढलेली नव्हती. तिचे सभासद होण्यासाठी लोकांकडून मुखत्यारपत्र, म्हणजे आपल्या वतीने बोलण्याचा लेखी अधिकार, आणावा लागे. सभेत सरदार, इनामदार, वकील, व्यापारी यांचा भरणा होता, कष्टकरी कुणबी अगदी थोडे होते, हेही सांगितले पाहिजे. तरी सभेने प्रारंभापासून खेड्यांकडे लक्ष दिले ते माधवरावांमुळे. ते सरकारी नोकर असल्याने व्यासपीठावर फारसे येत नसत. सभेचे अर्ज, अहवाल व टिपणे यांमागे मात्र त्यांचीच बुद्धी असे. जोशी यांची तळमळ आणि रानड्यांचा अभ्यास अशी ही जोडी होती.

या जोडीची खरी परीक्षा १८७६ साली झाली. त्या वर्षी दक्षिणेत पावसाने मध्येच दगा दिला आणि परतीचा पाऊस आलाच नाही. खरिपाची ज्वारी-बाजरी करपली. रब्बीची पेरणी बहुतेक ठिकाणी झालीच नाही. पुणे, नगर, सोलापूर, सातारा आणि खाली विजापूर-धारवाडपर्यंतचा मुलूख उजाड झाला. नाशिक जिल्ह्याच्या पूर्वेकडील कोरड्या भागालाही त्याची झळ लागली. वैरण संपली, विहिरी आटल्या. शेतकऱ्यांनी प्रथम भांडी विकली, मग घराच्या तुळया, मग बैल. बैल विकणे म्हणजे पुढच्या वर्षीची शेती विकणे होय. कित्येक कुटुंबे गाव सोडून खानदेश, वऱ्हाडाच्या वाटेला लागली. मद्रास, म्हैसूर, हैदराबाद या प्रदेशांतही तोच प्रकार होता. दोन वर्षे चाललेल्या या दुष्काळात दक्षिण हिंदुस्थानात सुमारे पन्नास लाख माणसे मृत्युमुखी पडली, असा अंदाज आहे.

धान्य देशात अगदीच नव्हते असे नाही. पण ते महाग झाले होते आणि मजुराच्या हाती पैसा नव्हता. सरकारने व्यापारात हात घालावयाचा नाही असे ठरविले होते. उपाशी माणसांना काम द्यावे, त्यांनी मजुरीतून धान्य विकत घ्यावे, ही सरकारची रीत. त्यानुसार रस्ते, तलाव, कालवे यांची कामे सुरू झाली. आज दौंडहून मनमाडकडे जाणारी आगगाडी ज्या मार्गाने धावते, त्याच्या मातीकामावर याच दुष्काळातील माणसे राबली. नीरेच्या कालव्याचे कामही याच काळात सुरू झाले.

अशा वेळी सार्वजनिक सभेने एक निराळेच काम हाती घेतले. पैसा गोळा करून अन्न वाटणे हे पुण्यकर्म तर होतेच, आणि ते काहींनी मनापासून केलेही. महात्मा फुले व त्यांच्या सत्यशोधक समाजाने पुण्याजवळ धनकवडी येथे दुष्काळात उघड्यावर पडलेल्या मुलांसाठी छावणी उघडून त्यांच्या तोंडी घास घातला. परंतु आठ-दहा जिल्ह्यांतील लाखो माणसांना पुरेल इतके धान्य कोणत्याही खासगी संस्थेपाशी नसते. ते सरकारच देऊ शकत होते. आणि सरकार ते तेव्हाच देणार, जेव्हा खेड्यात काय चालले आहे हे त्याला डोळे झाकून नाकारता येणार नाही. म्हणून सभेने आपली माणसे जिल्ह्याजिल्ह्यांत पाठविली. पाऊस किती झाला, पीक किती आणे आले, ज्वारीचा भाव काय, गुरे किती उरली, किती माणसे गाव सोडून गेली, साऱ्याचा तगादा चालू आहे की थांबला, याची माहिती त्यांनी गोळा केली. ती जुळवून, तपासून, दुष्काळाची निवेदने या नावाने सभा एकामागून एक लेख सरकारकडे धाडू लागली. १८७६ च्या अखेरीपासून हे काम अखंड चालले. मामलेदाराच्या कागदात एक चित्र असे, सभेच्या निवेदनात दुसरे. दोन्ही शेजारी ठेवली म्हणजे कोणाचे खरे ते वाचणारास कळे.

१ जानेवारी १८७७ रोजी दिल्लीत मोठा दरबार भरला. व्हिक्टोरिया राणीने सम्राज्ञीपद धारण केल्याची घोषणा तेथे झाली. राजेरजवाडे जरीच्या पोशाखात बसले होते. सभेच्या वतीने गेलेले सार्वजनिक काका तेथे हातच्या सुताचे जाडेभरडे कपडे घालून उपस्थित राहिले.

त्याच महिन्यात दुष्काळी कामांवरील मजुरीचा प्रश्न पुढे आला. सर रिचर्ड टेंपल हे हिंदुस्थान सरकारचे प्रतिनिधी म्हणून दुष्काळी भागाची पाहणी करीत होते. खर्च आटोक्यात राहावा म्हणून त्यांनी असे ठरविले की, प्रौढ पुरुषाला दिवसाकाठी एक पौंड धान्य येईल एवढी मजुरी व वर अगदी थोडे पैसे पुरेत. एक पौंड म्हणजे सुमारे साडेचारशे ग्रॅम. एवढ्या धान्याच्या भाकरी खाऊन माणूस बसून दिवस काढील. पण दिवसभर माती खणून, दगड वाहून त्याचा देह टिकणार नाही. मुंबई इलाख्यात मजुरी घटली, आणि गावाजवळची लहान कामे बंद करून माणसांना दूरच्या मोठ्या कामांवर धाडण्यात येऊ लागले. तेव्हा हजारो मजुरांनी कामे सोडली. उपाशी माणसांनी मिळणारे काम सोडावे, ही गोष्ट अधिकाऱ्यांना समजेना; काहींना तो आळस वाटला, काहींना त्यात कोणाची तरी चिथावणी दिसली. सभेने मजुरांची बाजू घेतली. एवढ्या अन्नावर कष्ट होत नाहीत, हे तिने अर्जांमागून अर्ज करून मांडले. मद्रासेतही डॉ. कॉर्निश या आरोग्याधिकाऱ्याने हाच मुद्दा लावून धरला व तेथे काही महिन्यांत मजुरी वाढली. इकडे टेंपलसाहेबच लवकर मुंबईचे गव्हर्नर झाले. ज्यांच्या निर्णयावर सभा टीका करीत होती, त्यांच्याच दारी आता तिचे अर्ज जाणार होते!

सभेच्या सर्व मागण्या मान्य झाल्या नाहीत. परंतु तिने गोळा केलेली माहिती वाया गेली नाही. दुष्काळाच्या चौकशीसाठी सरकारने नेमलेल्या आयोगाचा अहवाल १८८० साली प्रसिद्ध झाला. दुष्काळात प्राण वाचविणे हे सरकारचे कर्तव्य आहे, हे तत्त्व त्यात मान्य झाले, आणि त्या आधारावर पुढे दुष्काळ-निवारणाचे लेखी नियम तयार झाले.

माधवरावांना या कामाची किंमत द्यावी लागली. सभेचा खरा सूत्रधार कोण हे सरकार जाणून होते. १८७८ च्या प्रारंभी त्यांची पुण्याहून बदली झाली, ती नाशिकला. जन्मभूमीच्या जिल्ह्यात ते न्यायाधीश होऊन आले. लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख हेही त्या वेळी नाशिकला न्यायाधीश होते. दोघांचा स्नेह जुळला. रमाबाईंना घरी शिकविणे माधवरावांनी पुण्यातच सुरू केले होते. नाशिकच्या मुक्कामात ते चालू राहिले. सभेचे त्रैमासिक १८७८ सालीच निघू लागले. त्याचा मोठा भाग माधवराव स्वतः लिहीत, मग मुक्काम कोठेही असो. बदली झाली तरी लेखणी बदलली नाही.

पुढच्या वर्षी वासुदेव बळवंत फडके यांनी बंड उभारले. दुष्काळात रयतेचे हाल पाहून त्यांचे मन पेटले होते, आणि पुण्यात त्यांनी माधवरावांची व्याख्यानेही ऐकली होती. एवढे कारण संशयाला पुरेसे होते. माधवरावांना नाशिकहून धुळ्यास हलविण्यात आले. तेथे त्यांची पत्रे फोडून पाहिली जात. बंडवाल्यांच्या नावाने त्यांना मुद्दाम पत्रे येत. ती ते सरळ पोलिसांकडे पाठवून देत. या दिवसांतील तणाव रमाबाईंनी आपल्या आठवणींत लिहून ठेवला आहे. माधवराव मात्र नित्याचे काम नित्याप्रमाणे करीत राहिले. काही काळाने सरकारचा संशय फिटला.

पाऊस पडला म्हणजे दुष्काळ संपतो, असे शहरातील माणसाला वाटते. शेतकऱ्याला तसे वाटत नाही. बैल नाहीत, बी नाही, आणि सावकाराचा कर्जरोखा तेवढा वाढत असतो. दुष्काळापूर्वीच, १८७५ साली, पुणे व नगर जिल्ह्यांत कर्जाने पिचलेल्या शेतकऱ्यांनी सावकारांची घरे गाठून रोखे जाळले होते. म्हणून १८७९ साली दक्षिणेतील शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा झाला. नुसत्या रोख्यावर विश्वास न ठेवता मूळ व्यवहार काय होता ते न्यायाधीशाने पाहावे, कर्जाचे हप्ते बांधून द्यावेत, कर्जासाठी शेतकऱ्याला तुरुंगात घालू नये, अशी त्यात तरतूद होती. या कायद्याच्या अंमलबजावणीवर देखरेख करण्यासाठी १८८१ साली माधवरावांची नेमणूक झाली, आणि १८८७ साली ते या खात्याचे मुख्य न्यायाधीश झाले.

हे काम एका जागी बसून करण्याचे नव्हते. वर्षातील कितीतरी महिने गावोगाव फिरावे लागे. तंबू, पुस्तके, कागदांची बाडे घेऊन बैलगाड्या निघत. रमाबाई बरोबर असत. गावात मुक्काम पडला की न्यायालयाचे दप्तर तपासावयाचे, तडजोड करणाऱ्या पंचांना भेटावयाचे, आणि संध्याकाळी पारावर जमलेल्या मंडळींशी बोलावयाचे, असा क्रम चाले. दहा वर्षांपूर्वी जी खेडी सभेच्या निवेदनांतून कागदावर आली होती, ती आता माधवरावांना समोर दिसत होती. कायद्याने पुष्कळांचे घर वाचले. काही सावकारांनी मात्र कर्जरोख्याऐवजी खरेदीखतच लिहून घेण्याची पळवाट काढली. केवळ न्यायालयाने हा प्रश्न सुटणार नाही, शेतकऱ्याला स्वस्त व्याजाने पैसा मिळाला पाहिजे, असे माधवरावांचे मत होते. विल्यम वेडरबर्न या सहृदय इंग्रज न्यायाधीशाने पुरंदर तालुक्यासाठी शेतकी पेढीची योजना आखली, तिला माधवरावांचा पाठिंबा होता. विलायतेतील सरकारने तिला मान्यता दिली नाही. सहकारी पतपेढ्यांचा कायदा होण्यास त्यानंतर १९०४ साल उजाडावे लागले.

१८९३ साली माधवराव मुंबईच्या उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. तेथेही देशाच्या शेतीचा, उद्योगांचा, इतिहासाचा त्यांचा अभ्यास थांबला नाही. १८९६ व १८९९ साली पुन्हा दुष्काळ पडले. प्रकृती ढासळत असतानाही ते लिहीत, वाचीत राहिले. १६ जानेवारी १९०१ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

गोपाळ कृष्ण गोखले हे त्यांचे शिष्य. आकडा तपासल्याशिवाय वाक्य लिहावयाचे नाही, ही शिस्त गोखल्यांना माधवरावांपाशी लागली. कित्येकदा लिहून आणलेला मजकूर त्यांना पुन्हा लिहावा लागे! १८९७ साली हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या आयोगापुढे गोखल्यांनी लंडनमध्ये साक्ष दिली, तिची तयारीही माधवरावांच्या मार्गदर्शनाखाली झाली होती. याच गोखल्यांनी १२ जून १९०५ रोजी पुण्यात भारत सेवक समाजाची स्थापना केली. त्याच्या पहिल्या सभासदांपैकी एक, गोपाळ कृष्ण देवधर, यांनी १९०९ साली रमाबाई रानडे यांच्याबरोबर पुण्यात सेवासदन उभे केले. पुढे १९२१ साली मलबारात बंडाळी होऊन हजारो कुटुंबे निराश्रित झाली, तेव्हा देवधर तेथील छावण्यांच्या कामाला गेले. १९२४ च्या जुलैत त्याच प्रदेशात महापूर आला, आणि भारत सेवक समाजाचे मदतकार्य तेथे पुन्हा सुरू झाले. मलबारातील तानूर या गावच्या शाळेला देवधरांचे नाव आहे.