लाकूड वाकवणारा कारागीर : मिखाएल टोनेट

इराणी हॉटेलातली गोल बैठकीची, वाकवलेल्या पाठीची लाकडी खुर्ची आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. त्या घाटाचे जनक मिखाएल टोनेट.

त्यांचा जन्म १७९६ साली जर्मनीत, ऱ्हाईनकाठच्या बोपार्ड गावी, कातडी कमावणाऱ्याच्या घरी झाला. १८१९ मध्ये त्यांनी तिथेच सुतारकामाचा कारखाना काढला. लाकूड कापून गोलाई काढली की तंतू तुटतात आणि खुर्ची कच्ची राहते. म्हणून ते लाकडाच्या पातळ पट्ट्या सरसात उकळून साच्यात वाकवू लागले. पेटंटांच्या खर्चाने कर्ज वाढले आणि गावची मालमत्ता सावकारांनी जप्त केली. ऑस्ट्रियाचे मंत्री मेटर्निख यांच्या आमंत्रणावरून १८४२ मध्ये ते व्हिएन्नाला गेले. पंचेचाळिशीत संसार पुन्हा पहिल्यापासून मांडला.

दमट हवेत सरस सुटे. मग त्यांनी अखंड बीच लाकूड वाफेवर मऊ केले. वाकताना बाहेरची बाजू ताणून फाटते, म्हणून तिथे धातूची पट्टी आवळली. १८५६ मध्ये या पद्धतीचे पेटंट मिळाले. १८५९ ची चौदा नंबरची खुर्ची पुढे सहा लाकडे, दहा स्क्रू आणि दोन नट एवढ्यावर आली. अशा ३६ सुट्या खुर्च्या एक घनमीटरच्या खोक्यात मावत.

१८७१ मध्ये त्यांचे निधन झाले. व्यवसाय पाचही मुलांनी वाढवला.

त्या खुर्चीवर नक्षी नाही, तरी ती देखणी आहे. लाकडाच्या कलाने घ्यावे, नको ते वगळावे. शोभा मागून येते, हाच त्यांच्या हातांचा धडा.