सर्वज्ञांचा अरण्यवास

लीळाचरित्राचे एकांक, पूर्वार्ध आणि उत्तरार्ध असे तीन भाग साधकांच्या नित्य पाठात आहेत. पूर्वार्ध आणि उत्तरार्ध यांतील लीळांना साक्षी आहेत. बाइसा, महदाइसा, भटोबास अशी मंडळी सन्निधानी आहेत. कोणी प्रश्न करतो, कोणी पाणी आणतो, कोणी रुसतो. एकांकाला असा साक्षी नाही. सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामी त्या काळात एकटे होते आणि त्यांच्याभोवती डोंगर, झाडी, ओहळ व श्वापदे एवढाच परिवार होता. पुढे भक्तजनांत बसले असता प्रसंगाप्रसंगाने त्यांनी स्वमुखे जे सांगितले, तेच म्हाइंभटांच्या लेखणीला मिळाले. म्हणून एकांकातील प्रत्येक लीळा ही मुळात स्वामींनी केलेली स्वतःची आठवण आहे, हे वाचकाने ध्यानात ठेवले पाहिजे.

गुजरातचा प्रधान विशाळदेव याचा पुत्र हरिपाळदेव भरवसास मृत्यू पावला. द्वारावतीस श्रीचांगदेव राऊळांनी देहत्याग केला आणि स्मशानातील हरिपाळाच्या देहाचा स्वीकार केला, ही अवतारकथा पंथात सर्वांना अवगत आहे. त्यानंतरचा काळ राजवाड्यातला आहे. कमळाइसेशी संसार, सेवकांचा राबता आणि द्यूताचा छंद असा तो होता. एकदा द्यूतात हार झाली. देणे फेडण्यासाठी कमळाइसेजवळ अलंकार मागितले, तेव्हा तिने ते दिले नाहीत. लीळाकारांनी हा प्रसंग थोडक्यात सांगितला आहे; तथापि येथूनच स्वामींनी उदासीनता धारण केली. रामयात्रेचे निमित्त पुढे करून त्यांनी पित्याची अनुज्ञा मिळवली. वाटेत एकेक करून सोबतचा परिवार मागे लावला आणि रामटेकाच्या वाटेवर असताना ते वऱ्हाडात ऋद्धिपुरास आले.

ऋद्धिपूर म्हणजे आजच्या अमरावती जिल्ह्यातील मोर्शी तालुक्याचे रिद्धपूर. काळ्या मातीचा सपाट प्रदेश आणि उत्तरेस काही कोसांवर सातपुड्याची रांग. मोर्शी-वरूडकडे आज संत्र्यांच्या बागा दिसतात, त्या अलीकडच्या काळातल्या. श्रीगोविंदप्रभू या गावी राहत. मातापिता लहानपणीच निवर्तल्यावर मावशी व मामा यांनी त्यांना येथे आणले होते. गाव त्यांना वेडे म्हणे आणि तेच गाव अडचणीत त्यांना मायबाप म्हणे. देवळे, विहिरी, बाजार, मुलांचे खेळ, अंत्यजांची घरे, सर्वत्र त्यांचा मुक्त संचार होता. अशा श्रीप्रभूंनी प्रसाद दिला आणि हरिपाळदेवांनी शक्तिस्वीकार केला. चक्रधर हे नाव येथलेच. राजवाड्यातील पुरुषाने ग्राम, गृह, वस्त्र, वाहन यांचा आधार सोडला, तो या गावात. येथून ते उत्तरेस डोंगरात गेले.

सालबर्डी मोर्शीच्या उत्तरेस, सातपुड्याच्या पायथ्याशी आहे. पलीकडे मध्यप्रदेशाचा बैतूल जिल्हा लागतो. माडू नदी डोंगरातून खाली येते. साग, पळस, मोह, बेल, आवळा यांची ती झाडी. उन्हाळ्यात साग निष्पर्ण होतो, ओहळ आटतात आणि जेथे एखादा डोह उरतो, तेथे दिवस मावळताना सर्व जातींची जनावरे पाण्यावर येतात. पावसाळ्यात त्याच ओहळांना उतार राहत नाही. थंडीत डोंगराचा वारा अंगावर घ्यावा लागतो. स्वामींनी या डोंगरात बारा वर्षे घालवली, असे परंपरा सांगते. बारा वर्षे म्हणजे बारा उन्हाळे आणि बारा पावसाळे. पारायणात आपण हा आकडा एका दमात उच्चारून पुढे जातो.

या काळाला काही लेखक तपश्चर्या म्हणतात. पंथाच्या दृष्टीने हा शब्द अचूक नाही. तप करून काही मिळवायचे असते. परमेश्वर अवताराला मिळवायचे काय होते? सालबर्डीस मुक्ताबाई नावाची वृद्ध योगिनी होती. तिने दीर्घकाळ अरण्यात राहून कंदमुळांवर देह धारण केला होता. तिचे तप खरे, निष्ठा खरी. परंतु ती स्वतः जे साधू पाहत होती, ते तिच्यापुढे मनुष्यवेषाने येऊन उभे राहिले. तिने त्यांचे आदरातिथ्य केले. अरण्यात पाहुण्याला देण्याजोगे जे असते, ते तिने दिले. स्वामींनी तिचा आदर स्वीकारला, मात्र पुढे आपल्या शिष्यांना योगिनीसारखे कष्टसाधन सांगितले नाही. अरण्याचा उपयोग त्यांनी निराळ्या कारणासाठी सांगितला.

ते कारण समजण्यासाठी एक शंका आधी दूर करावी लागते. डोंगर, नदी, वृक्ष यांत देव आहे, असे मानून त्यांची पूजा करणे हा आपल्याकडील सामान्य लोकांचा प्राचीन स्वभाव आहे. सालबर्डीलाच महादेवाची गुहा असून महाशिवरात्रीस तेथे मोठी यात्रा भरते. मग स्वामी एवढा काळ तेथे राहिले, ते डोंगराच्या माहात्म्यामुळे काय? तसे मानता येत नाही. जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ स्वामींनी स्पष्टपणे वेगळे करून दाखवले आहेत. दगड, माती, पाणी हा प्रपंच आहे. तो परमेश्वर नव्हे, आणि परमेश्वराचा अंशही नव्हे. सालबर्डीचा दगड आपण नमस्कारतो, तो श्रीचरणांच्या संबंधामुळे. संबंध नसता तर तो डोंगरातील इतर दगडांसारखाच एक दगड राहिला असता. पण म्हणून प्रपंच तुच्छ, त्याच्याशी कसेही वागावे, असाही अर्थ निघत नाही. झाडात देव नाही असे कळल्यावर झाडावर कुऱ्हाड चालवण्यास मोकळीक मिळाली, असे समजणारे लोक आहेत. त्यांनी एकांकातील सशाची लीळा वाचावी.

स्वामी झाडाखाली आसनस्थ होते. दोन पारध्यांनी एका सशावर होड लावली होती आणि त्यामागे कुत्री सोडली होती. जीव घेऊन पळणारा ससा इतर सर्व वाटा सोडून स्वामींकडे आला आणि त्यांच्या गुडघ्याखाली शिरला. कुत्री जागच्या जागी उभी राहिली. मागून पारधी आले. त्यांनी नम्रपणेच विनवले की हा होडेचा ससा आहे, तो सोडावा. न सोडल्यास आपसांत सुऱ्या निघतील, प्राण जातील. स्वामींनी सांगितले की जो शरण आला आहे, त्याला मृत्यूच्या हाती देता येत नाही. मग त्यांनी त्यांनाच विचारले की ही जनावरे रानातले गवत खातात, झऱ्याचे पाणी पितात, कोणाचे काही नेत नाहीत. यांना का मारावे? पारध्यांचे मन पालटले. त्यांनी पुढे अशी हिंसा न करण्याचे कबूल केले. ते गेल्यावर स्वामींनी गुडघा उचलला आणि सशाला महात्मा असे संबोधून जाण्यास सांगितले.

या लीळेत तीन गोष्टींकडे लक्ष द्यावे. पहिली होडेची. राजवाड्यात असताना द्यूताच्या पणाने हरिपाळदेवांचा संसार उसवला होता. येथे पुन्हा पण आहे, पण पणाला लावलेली वस्तू एका मुक्या प्राण्याचा प्राण आहे. पारध्यांना सुऱ्यांचे भय वाटत होते ते खरेच होते. होडेत हरलेल्या माणसाची मनःस्थिती काय असते, ते स्वामींना सांगावे लागत नव्हते. म्हणूनच त्यांनी पारध्यांना पापी म्हणून हाकलून दिले नाही, प्रश्न विचारला. हा अर्थ टीकाकारांनी फारसा उलगडलेला दिसत नाही.

दुसरी गोष्ट संबोधनाची. महात्मा हा शब्द पंथात भिक्षुकांसाठी आहे. सर्वसंगपरित्याग करून जो अनुसरला, त्याला आपण महात्मा म्हणतो. स्वामींनी तोच शब्द सशाला वापरला. काही जण याला विनोद समजतात. स्वामींच्या बोलण्यात विनोद असतो, हे खरे आहे. परंतु भयाने सर्व आश्रय सोडून एकाच ठिकाणी येऊन पडणे हे अनुसरणाचेही लक्षण आहे. आपल्यापैकी किती जण सशाइतक्या निकराने तेथे आले, हा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

तिसरी गोष्ट सिद्धांताची आहे आणि ती अवघड आहे. ज्ञानाचा अधिकार मनुष्यदेहाला आहे. पशुयोनीत बोध होत नाही. तेव्हा सशाला त्या दिवशी मोक्षमार्गातले काहीही मिळाले नाही. त्याला आणखी काही दिवसांचे गवत आणि पाणी मिळाले, एवढेच. कदाचित दुसऱ्या दिवशी तो कोल्ह्याच्या तोंडी पडला असेल. तरीही स्वामींनी त्यासाठी गुडघा उचलला नाही. ज्याला ज्ञान देता येत नाही, त्याच्या प्राणाचेही रक्षण करावे, हे यावरून निघते. अहिंसा ही केवळ साधकाच्या पापभीतीतून आलेली नाही. बोध झाला तो पारध्यांना, आणि तोही सशाच्या निमित्ताने.

सालबर्डीनंतर स्वामी आंध्र देशात गेले. तेथील घोड्यांच्या व्यापाऱ्याची कन्या हंसांबा हिच्याशी विवाह, काही काळ गृहस्थाचा स्वीकार आणि पुन्हा त्याग, हा भाग एकांकात आहे. त्याचा विस्तार येथे करण्याचे प्रयोजन नाही. मात्र जो देश स्वतः पायांखाली घातला, तेथे जाण्यास त्यांनी शिष्यांना मनाई केली. कानड आणि तेलंग देशांत न जाता महाराष्ट्रात राहावे, अशी आज्ञा आहे. ते देश विषयबहुल आहेत, हे कारण. भूमी, पाणी, अन्न यांचा साधकाच्या मनावर परिणाम होतो, असा याचा आशय. पुढील आचारभाष्यकारांनी महाराष्ट्राची खंडमंडळे मोजताना मेघंकर घाटापलीकडील वऱ्हाडाला निराळे खंडमंडळ म्हटले आणि सर्व मिळून महाराष्ट्रच, असे ठरवून दिले. ऋद्धिपूर व सालबर्डी त्या व्याख्येत येतात.

शके ११८८ च्या सुमारास स्वामी प्रतिष्ठानास आले आणि भक्तपरिवार जमू लागला. एकांत संपला, पण अरण्यातील दिनचर्या पूर्णपणे मोडली नाही. गाव कोणतेही असो, वेरूळ असो की गंगेकाठचे डोमेग्राम, पूजावसर झाल्यावर विहरणास ते गावाबाहेर जात. ओस देऊळ, मळा, नदीकाठ, एखादे झाड, अशी ती स्थाने. भक्तांना जे अटन आणि विजन सांगितले, त्याची मुळे सालबर्डीच्या त्या वर्षांत आहेत. देशाच्या टोकाला, ओळख नसलेल्या ठिकाणी, झाडाखाली दिवस काढावेत. भिक्षेचे अन्न पाण्याकाठी सेवन करावे. आपल्यामुळे मुंगीच्याही संसाराची हानी होऊ नये. विजनात बसायचे ते वनशोभा पाहण्यासाठी नव्हे. तेथे मान देणारा कोणी नसतो, अपमान करणाराही कोणी नसतो, आणि नामस्मरणात खंड पडला तर दोष देण्यासाठी दुसरा माणूस सापडत नाही. मठ वाढले, मोटारी आल्या, शाळांच्या व्यवस्था मागे लागल्या, तसतसे विजन पोथीत राहू लागले आहे. सायंकाळी गावाबाहेर जाऊन बसणारा भिक्षुक आता क्वचित दिसतो.

शके ११९६ मध्ये स्वामींनी बेलापुराहून उत्तरापंथे बीजे केले. शोकाने व्याकूळ झालेले भटोबास पुढे ऋद्धिपुरास श्रीप्रभूंच्या सन्निधानी आले, आणि महदाइसा व इतर मंडळीही तेथे जमली. ज्या गावातून स्वामी एकटे डोंगरात गेले होते, त्याच गावात आता त्यांच्या आठवणी सांगणाऱ्यांचा मेळा बसला. म्हाइंभट मूळचे सराळ्याचे, संपन्न आणि वादविद्येत निपुण. त्यांनी विद्येचा अभिमान बाजूला ठेवून एकेका भक्ताला लीळा विचारल्या, लांबलांबच्या गावी जाऊन पडताळून घेतल्या आणि भटोबासांच्या संमतीने ऋद्धिपुरात वाजेश्वरीस बसून त्या लिहिल्या. पुढच्या पिढ्यांनी स्थानपोथी रचून कोणते स्थान कोणत्या दिशेला, आसन कोठे, देऊळ कोणत्या तोंडाचे, हे नोंदवले. कवींनीही हा वारसा सोडला नाही. साती ग्रंथांतील ऋद्धिपूरवर्णनात बहाळियांनी हे गाव आणि त्याचा परिसर वर्ण्य विषय केला, आणि दामोदर पंडितांच्या वछाहरणात गोपाळ, वासरे आणि वन आले.

म्हाइंभटांना एकांकातील लीळा मात्र ज्यांनी स्वामींकडून ऐकल्या होत्या, त्यांच्याकडून ऐकाव्या लागल्या. पडताळून घेण्यास तेथे पारधी सापडणार नव्हते. त्यांनी ऐकले तसे लिहिले. गुडघा उचलला, ससा निघून गेला, आणि लीळा संपली.