कुमारी सिंथिया फॅरार

आज अहिल्यानगर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आपल्या अहमदनगरास मुलींच्या शिक्षणाचा जो मान लाभला, त्याचें बरेंच श्रेय कुमारी सिंथिया फॅरार यांस आहे. त्यांचा जन्म १७९५ सालीं अमेरिकेंत न्यू हँपशायर प्रांतीं झाला. १८२७ च्या अखेरीस त्या अमेरिकन मिशनच्या शिक्षिका म्हणून मुंबईस आल्या व १८३९ सालीं नगरास येऊन राहिल्या.

मुलींस विद्या द्यावी, हें त्या काळीं पुष्कळांस रुचत नसे. लग्नें लहानपणींच होत. त्यामुळें मुली लौकरच शाळेस अंतरत. अशा अल्प काळांत काय शिकवावें, हाच शिक्षिकेपुढें खरा प्रश्न होता. बाईंच्या शाळांत वाचन, लेखन, अंकगणित व शिवणकाम हे विषय चालत; बुद्धि आणि हात या दोहोंसहि तेथें वळण लागे.

जोतीराव फुले यांनीं ही शाळा पाहिली आणि १८४८ सालीं पुण्यास मुलींची शाळा काढली. सावित्रीबाईंनींहि नगरास बाईंपाशीं अध्यापनाचे धडे घेतले.

१८६२ सालीं नगरासच बाईंचें देहावसान झालें. पालकहो, मुलगी शाळेंत थोडेच दिवस असली, तरी विचारपूर्वक योजिलेला पाठ किती दूर जातो, हें या चरित्रावरून ध्यानांत येईल.