पाखरांवरील आरोप

माणसावर आरोप आला, तर तो आपली बाजू मांडू शकतो. साक्षीदार आणू शकतो. मुक्या प्राण्यांना ती सोय नाही. त्यांच्यावर आरोप आला, तर त्यांची बाजू कोणी तरी माणसानेच तपासावी लागते. अशा वेळी केवळ दया उपयोगी पडत नाही, आणि केवळ भीतीही उपयोगी पडत नाही. उपयोगी पडते ते चिकाटीचे निरीक्षण आणि चोख मोजणी. थोर पक्षितज्ज्ञ डॉ. सालिम अली यांच्या वाट्याला असे एक काम आले होते.

सालिम अलींचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. आईवडिलांचे छत्र त्यांना बालपणीच अंतरले. मामा अमीरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांनी खेतवाडीतील आपल्या घरी त्यांचा व त्यांच्या भावंडांचा प्रेमाने सांभाळ केला. मामांना शिकारीचा नाद होता. साहजिकच लहान सालिमच्या हातीही छऱ्यांची बंदूक आली. एके दिवशी त्याने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. नेहमीच्या चिमणीला असा ठिपका नसतो, हे त्या मुलाच्या ध्यानात आले. मामांना विचारले, तर त्यांनाही सांगता येईना. त्यांनी भाच्याला मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीकडे पाठवून दिले. तेथील चिटणीस मिलर्ड यांनी त्या बुजऱ्या मुलाचे हसतमुखाने स्वागत केले, पाखराचे नाव सांगितले आणि पेंढा भरून ठेवलेले शेकडो पक्षी कपाटे उघडून दाखविले. एका पिवळ्या ठिपक्याने सालिमच्या आयुष्याला दिशा दिली.

वाट मात्र सोपी नव्हती. महाविद्यालयीन शिक्षणात खंड पडला. ब्रह्मदेशात जाऊन कुटुंबाचा व्यवसाय पाहिला, पण तेथेही मन रानातल्या पाखरांतच गुंतले. १९२६ साली मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात प्रेक्षकांना माहिती सांगण्याची नोकरी मिळाली. पुढे ते जर्मनीस गेले. बर्लिन येथे प्राध्यापक स्ट्रेझेमान यांच्या हाताखाली त्यांनी पक्षिशास्त्राचे रीतसर शिक्षण घेतले. उत्तर समुद्रातील हेलिगोलँड बेटावर त्यांना एक नवी विद्या पाहावयास मिळाली. तेथे दूरदेशी जाणारे पक्षी पकडून त्यांच्या पायांत नंबर असलेले हलके कडे घालीत आणि त्यांना पुन्हा मोकळे सोडीत. तोच पक्षी पुढे कोठे सापडला, तर त्याचा प्रवास कळत असे.

१९३० साली ते परत आले, तो त्यांची जागाच रद्द झालेली! तेव्हा ते पत्नी तेहमिना यांच्यासह अलिबागजवळच्या किहीम गावी जाऊन राहिले. तेथे सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. महिनोन् महिने निरीक्षण करून त्यांनी दाखवून दिले, की नर अर्धवट घरटे बांधतो, मादी ते पारखते, आणि तिला पसंत पडले म्हणजे मगच तो ते पुरे करतो. जे प्रत्यक्ष पाहिले तेच सांगावयाचे, ही त्यांची शिस्त या काळात पक्की झाली. १९३९ साली तेहमिनांचे निधन झाले. हे दुःख पचवून त्यांनी काम चालू ठेवले. १९४१ साली भारतीय पक्ष्यांवरील त्यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले आणि ते घरोघर पोहोचले.

त्यांनी साठी ओलांडली, त्याच सुमारास पाखरांवर तो आरोप आला. १९५७ साली आजच्या कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूर नावाच्या रानाच्या आसपास, माकडे पटापट मरू लागली. पाठोपाठ रानात लाकूडफाट्यासाठी जाणारे गावकरी तीव्र तापाने आजारी पडू लागले, काही दगावले. पुण्याच्या विषाणु संशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी शोध घेतला, तेव्हा हा एका नव्या विषाणूचा प्रताप असून तो गोचिडीच्या चाव्यातून पसरतो, असे आढळले. लोक त्याला माकडताप म्हणू लागले. नवल असे, की हा विषाणू दूर रशियाकडील एका रोगाच्या विषाणूचा जवळचा नातेवाईक होता. मग तो हजारो मैल दूर असलेल्या या रानात आला कसा? दर हिवाळ्यात सैबेरियाकडून लक्षावधी पक्षी भारतात येतात. त्यांच्या अंगावरील गोचिडींनीच हा रोग आणला असावा, अशी शंका निघाली.

शंका रास्त होती. पण शंका म्हणजे पुरावा नव्हे. समजा, एखाद्या गावात दहा गुरे आजारी पडली. गावात एकूण वीसच गुरे असतील, तर हे मोठे संकट होय. दोन हजार असतील, तर गोष्ट निराळी. म्हणून आजारी किती, हे विचारताना एकूण किती, हेही विचारावे लागते. गुरे दावणीला मोजता येतात. आभाळातली पाखरे कशी मोजावी? किती पक्ष्यांच्या अंगावर गोचिडी आहेत, त्या कोणत्या जातीच्या आहेत, त्यांत तो विषाणू आहे काय, आणि ते पक्षी खरोखर कोठून आले, या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर वेगळे शोधावयाचे होते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने मुंबईच्या सोसायटीने हे काम हाती घेतले आणि सालिम अलींनी त्याचे नेतृत्व केले. जपानी बनावटीची, नजरेस चटकन न दिसणारी बारीक जाळी आणण्यात आली. बिहारमधील मीरशिकार हे पिढ्यान् पिढ्या पाखरे पकडण्यात निष्णात. त्यांचीही मदत घेतली. कच्छच्या रणाकाठी, भरतपूरच्या पाणथळीत पहाटेपासून काम चाले. पक्षी जाळ्यातून अलगद सोडवावयाचा, त्याची जात ओळखावयाची, वजन व माप घ्यावयाचे, पिसांतील गोचिडी वेचून जपून ठेवावयाच्या, पायात सोसायटीचा पत्ता असलेले कडे घालावयाचे, आणि पक्ष्याला आभाळात सोडून द्यावयाचे. ज्या हातांनी लहानपणी चिमणी पाडली, ते हात आता पाखरांना इजा न होता तपासण्याचे शिक्षण तरुणांना देत होते.

पुढे या कामास लागलेल्या पैशाचा काही भाग अमेरिकन सैन्याच्या एका संशोधन योजनेतून आला. त्यावरून १९७४च्या सुमारास वृत्तपत्रांत आणि संसदेत प्रश्न विचारले गेले. परक्या सैन्याला पाखरांच्या रोगांची माहिती कशासाठी हवी, ही विचारणा गैर नव्हती. सालिम अलींना ती जिव्हारी लागली. कारण आपल्या कामात लपविण्याजोगे काही नाही, असा त्यांचा विश्वास होता.

कडी घातलेल्या काही पक्ष्यांची वार्ता मध्य आशियातून व सैबेरियातून आली. त्यांचे मार्ग अधिक ठामपणे कळले. परंतु माकडतापाचा विषाणू या पाहुण्यांनी आणल्याचा पुरावा मात्र मिळाला नाही. तो रोग रानातलीच माकडे, उंदीर, चिचुंद्री यांसारखे लहान प्राणी आणि गोचिडी यांच्यात वावरत असल्याचे दिसून आले. पुढे तो इतरत्रही आढळला. २०१६ साली सिंधुदुर्ग जिल्ह्यातील दोडामार्ग तालुक्यात त्याची साथ आली. रानात मेलेले माकड दिसताच आरोग्य खात्याला कळविणे, ही आता धोक्याची पहिली सूचना मानली जाते.

सालिम अलींना १९७६ साली पद्मविभूषण हा किताब मिळाला. १९८७ साली, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, मुंबईत त्यांचे निधन झाले. पाखरांवर त्यांचे निरतिशय प्रेम होते. तरीही ती निर्दोष आहेत असे गृहीत धरून ते कामास लागले नाहीत. त्यांनी प्रत्येक पाखरू हाती घेऊन पाहिले, मोजले, नोंदले, आणि जे आढळले तेच सांगितले. पाखरांची सुटका झाली ती त्यांच्या प्रेमाने नव्हे, तर त्यांच्या वहीतील नोंदींनी.