गुप्तरोगांवर उघड बोलणारे र. धों. कर्वे

(बी. ए. द्वितीय वर्ष)

बेसा येथील आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. आमच्याकडे गरमी, परमा हे शब्द बायका कुजबुजत बोलतात. आजी सांगते, तिच्या माहेरी एक बाई हेच दुखणे लपवीत झिजून गेली. नवरा शहरात कामाला होता. दुखणे त्यानेच आणले, पण गावाने नावे ठेवली ती तिला. र. धों. कर्वे यांचे चरित्र वाचताना मला ती बाई सारखी आठवत होती.

दोष बाईवर टाकण्याची ही रीत एके काळी सरकारनेही कायद्यात घातली होती. कामठीसारख्या छावण्यांमधील गोऱ्या शिपायांत गुप्तरोग पसरले, तेव्हा इंग्रज सरकारने १८६४ मध्ये छावण्यांसाठी आणि १८६८ मध्ये शहरांसाठी कायदा केला. वेश्यांनी नाव नोंदवायचे, ठरावीक मुदतीने सक्तीची तपासणी करून घ्यायची आणि रोग आढळला तर ‘लॉक हॉस्पिटल’मध्ये राहायचे. तिच्याकडे येणाऱ्या पुरुषाला मात्र या कायद्याने हात लावला नाही. इंग्लंडात जोसेफाइन बटलर या बाईंनी अशा कायद्यांविरुद्ध मोठी चळवळ केली. अखेर १८८८ मध्ये १८६८ चा कायदा रद्द झाला. पण समाजाची दृष्टी कायद्याबरोबर बदलली नाही.

त्या वेळी रघुनाथ सहा वर्षांचे होते. त्यांचा जन्म १४ जानेवारी १८८२ चा. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे ते थोरले चिरंजीव. १८९१ मध्ये त्यांची आई राधाबाई बाळंतपणात वारली. पुढे रघुनाथराव गणिताचे प्राध्यापक झाले, पॅरिसला जाऊन शिकून आले. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केले. लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचे केंद्र निघाले तेही याच वर्षी! १९२३ मध्ये त्यांनी ‘संततिनियमन’ आणि ‘गुप्तरोगांपासून बचाव’ ही पुस्तके लिहिली. रोग म्हणजे पापाची शिक्षा नव्हे. तो जंतूंमुळे होतो, म्हणून तो टाळण्याचे ज्ञान स्त्री आणि पुरुष दोघांनाही हवे, अशी त्यांची भूमिका होती. सरकारने बाईला कोंडले होते. कर्व्यांनी अज्ञानावर बोट ठेवले.

या कार्याची किंमत त्यांना मोजावी लागली. १९२५ मध्ये त्यांना विल्सन कॉलेजची नोकरी सोडावी लागली. तरी १९२७ च्या जुलैत त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढले. लेखन अश्लील ठरवून त्यांच्यावर खटले भरले गेले. १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील होते. वाचकांनी विचारलेल्या शंकांना मासिकातून उत्तरे दिली, हाच काय तो गुन्हा! निकाल विरुद्ध गेला आणि दंड भरावा लागला. घरी पैशाची चणचण कायमचीच. पत्नी मालतीबाईंनी मात्र अखेरपर्यंत साथ दिली. मूल होऊ द्यायचे नाही, हा निर्णय दोघांनी मिळून घेतला व पाळला. १९४० मध्ये त्यांनी ‘वेश्याव्यवसाय’ हे पुस्तकही लिहिले. १४ ऑक्टोबर १९५३ रोजी त्यांचे निधन झाले. तोपर्यंत, म्हणजे सव्वीस वर्षे, मासिक चालू होते.

महर्षींचे नाव आपण शाळेतच शिकतो. त्यांच्या या मुलाचे नाव मला कॉलेजात आल्यावर कळले. आज या रोगांवर औषधे आहेत, सरकारी दवाखान्यात तपासणीची सोय आहे. पण तिथवर जाणारी वाट लाजेने अडवलेली असेल तर औषधाचा उपयोग काय? आजीच्या माहेरच्या त्या बाईला औषधाच्याही आधी एक गोष्ट हवी होती. हे दुखणे आहे, कलंक नव्हे, असे सांगणारे कोणीतरी. आपण शिकलेल्या मुलामुलींनी निदान आपापल्या घरात एवढे मोठ्याने बोलावे. र. धों. कर्व्यांना तीच खरी आदरांजली होईल.