पंडिता रमाबाई
पंडिता रमाबाई (२३ एप्रिल १८५८ – ५ एप्रिल १९२२) या संस्कृत विदुषी, समाजसुधारक व बायबलच्या मराठी अनुवादक होत्या. १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. मात्र चर्चचे सिद्धान्त निमूटपणे न स्वीकारता शंका, अभ्यास व प्रार्थना यांतून त्यांनी आपली श्रद्धा दृढ केली. ‘शारदा सदन’वर धर्मांतराचा आरोप होऊन अनेक पालकांनी मुली काढून नेल्या, तरी त्या खचल्या नाहीत. पुणे जिल्ह्यातील केडगाव येथे त्यांनी दुष्काळग्रस्त स्त्रियांना आश्रय दिला. हिब्रू व ग्रीक शिकून बायबल सोप्या मराठीत आणण्याचे काम त्यांनी अनेक वर्षे नेटाने चालविले. १९२१ मध्ये एकुलती एक कन्या मनोरमा निवर्तली, तरीही ते थांबले नाही. मृत्यूपूर्वी अनुवाद पूर्ण झाला होता.