नंदनारची आग आणि किंदनची शाळा

सिनेमा म्हटला की आपल्या चळवळीतली जाणती माणसे नाक मुरडतात. त्यातही विनोदी नट म्हटला तर विचारायलाच नको! दोन घटका हसवणारा, नायकाच्या मागेपुढे नाचणारा माणूस; त्याच्याकडून समाजाला काय मिळणार, असे आपण गृहीत धरतो. आम्हीही बरीच वर्षे असेच समजत होतो. वकिलीच्या निमित्ताने मद्रासच्या एका जुन्या खून खटल्याची माहिती वाचत असताना त्यातल्या एका आरोपीने आमचे लक्ष वेधून घेतले. तो आरोपी तामिळ सिनेमातला त्या काळचा सर्वात लोकप्रिय विनोदी नट होता. त्याचे नाव एन. एस. कृष्णन. तामिळ जनता त्यांना कलैवाणर या पदवीने ओळखते. त्यांच्या आयुष्याची ओळख फुले-आंबेडकरी चळवळीच्या वाचकांना असायलाच हवी, असे आम्हाला वाटते.

कृष्णन यांचा जन्म २९ नोव्हेंबर १९०८ रोजी नागरकोविल येथे झाला. आज हे गाव तामिळनाडूत आहे, तेव्हा ते त्रावणकोर संस्थानात होते. हे संस्थान म्हणजे जातिव्यवस्थेचा बालेकिल्लाच! याच भागात खालच्या मानलेल्या जातींच्या स्त्रियांना छाती झाकण्याच्या हक्कासाठी एकोणिसाव्या शतकात लढावे लागले. देवळाभोवतीच्या रस्त्यावरून चालता यावे म्हणून १९२४ मध्ये वैकोमचा सत्याग्रह झाला तो याच संस्थानात, आणि नागरकोविलच्या शेजारी असलेल्या सुचिंद्रमलाही १९२६ मध्ये तसाच सत्याग्रह झाला. कृष्णन त्या वेळी ऐन तारुण्यात होते.

घरची गरिबी होती. शाळा लवकर सुटली. नाटकाच्या तंबूत सोडा विकायचा आणि विकता विकता नाटक पाहायचे, असे त्यांचे बालपण गेले. धनुष्याला घुंगरे बांधून, काठीने ठेका धरत कथा सांगण्याची विल्लुपाट्टू ही त्या भागातली लोककला त्यांनी आत्मसात केली. पुढे टी. के. एस. बंधूंच्या नाटक मंडळीत त्यांना प्रवेश मिळाला. म्हणजे हा माणूस अभिनय शिकला तो लोकांच्या गर्दीत. आपल्याकडे जलशातले शाहीर असेच घडले, हे वाचकांना सांगायला नको.

१९३५ च्या ‘मेनका’ आणि १९३६ च्या ‘सती लीलावती’ या बोलपटांतून कृष्णन पडद्यावर आले. ‘सती लीलावती’मधूनच पुढे मुख्यमंत्री झालेले एम. जी. रामचंद्रन यांचेही सिनेमात पदार्पण झाले. याच सुमारास ‘वसंतसेना’ या चित्रपटाच्या निमित्ताने कृष्णन यांची टी. ए. मधुरम या अभिनेत्रीशी गाठ पडली. या चित्रपटाचे चित्रीकरण आपल्या पुण्यात झाले होते. दोघांनी लग्न केले. कृष्णन यांचा आधीच एक विवाह झालेला होता, ही गोष्ट आम्ही लपवू इच्छित नाही. माणसाचा गौरव करायचा म्हणून त्याला देव करायची सवय बाबासाहेबांनी आपल्याला लावलेली नाही.

या जोडीने तामिळ सिनेमात एक नवीच पद्धत रूढ केली. मूळ चित्रपटाची कथा काहीही असो, राजाराणीची असो की पुराणातली, त्यात या दोघांचा विनोदी भाग वेगळा असे. तो कृष्णन स्वतः रचत, स्वतः बसवत आणि मूळ चित्रपटात तो जोडला जाई. पौराणिक चित्रपटात देव प्रसन्न होत असतानाच अधल्यामधल्या प्रसंगांत कृष्णन आणि मधुरम अंधश्रद्धेची, सोवळ्याओवळ्याची, दारूची टिंगल करीत. निर्मात्याला पैसा हवा होता, प्रेक्षकाला हसू हवे होते. या दोघांच्या मधून कृष्णन यांनी विचार आत सरकवला! पेरियार रामस्वामींची स्वाभिमान चळवळ त्या वेळी सभांमधून जे सांगत होती, ते सभेला कधीही न येणाऱ्या माणसापर्यंत चार आण्यांच्या तिकिटात पोहोचू लागले.

कृष्णन कीर्तीच्या शिखरावर असतानाच घात झाला. मद्रासमध्ये लक्ष्मीकांतन नावाचा एक पत्रकार होता. सिनेमातल्या लोकांची खरीखोटी लफडी छापणे हा त्याचा धंदा. ‘सिनेमा तूतु’ हे त्याचे साप्ताहिक बंद व्हावे म्हणून गायक-नट त्यागराज भागवतर, निर्माते श्रीरामुलु नायडू आणि कृष्णन यांनी गव्हर्नरकडे अर्ज केला. परवाना रद्द झाला. त्याने ‘हिंदू नेसन’ हे दुसरे पत्र हाती घेऊन तोच उद्योग पुढे चालू ठेवला. ८ नोव्हेंबर १९४४ रोजी वेपेरी भागात त्याच्यावर सुऱ्याने हल्ला झाला आणि दुसऱ्या दिवशी तो रुग्णालयात मरण पावला. खुनाच्या कटाच्या आरोपाखाली भागवतर, नायडू आणि कृष्णन यांना इतरांसोबत अटक झाली.

मद्रास उच्च न्यायालयात ज्यूरीपुढे खटला चालला. नायडू सुटले. भागवतर आणि कृष्णन यांना मे १९४५ मध्ये जन्मठेप झाली. ज्यूरीचे एकमत नव्हते. बहुमताने दोषी ठरवले गेले. उच्च न्यायालयातले अपील फेटाळले गेले. प्रकरण लंडनला प्रिव्ही कौन्सिलपुढे गेले. तिथून ते पुन्हा विचारासाठी मद्रासला परत आले. नव्या खंडपीठाने पुरावा मुळापासून तपासला आणि एप्रिल १९४७ मध्ये दोघांनाही निर्दोष सोडले. पुरावा तोच, साक्षीदार तेच. एका वेळी जन्मठेप आणि दुसऱ्या वेळी सुटका!

आम्ही रोज न्यायालयात उभे राहतो, म्हणून या ठिकाणी थोडे थांबतो. अटकेपासून सुटकेपर्यंत सव्वादोन वर्षांहून अधिक काळ गेला. या काळात मधुरम यांनी पतीची नाटक मंडळी चालू ठेवली. खटल्याचा खर्च भागावा म्हणून ‘पैत्तियक्कारन’ हा चित्रपट काढायला घेतला. सुटून आल्यावर कृष्णन यांनीही त्यात काम केले. म्हणजे निर्दोष माणसाला निर्दोष ठरवून घेण्यासाठी लंडनपर्यंत जावे लागले, आणि लंडनपर्यंत जायला मोठमोठे वकील आणि पैसा लागला. तो उभा करणारी बाई मागे होती, नाव होते, चाहते होते. ज्याच्या मागे यापैकी काहीच नसते, तो मद्रासच्या त्या पहिल्या निकालापाशीच संपला असता. फौजदारी खटल्यांतली ज्यूरी आपल्याकडून गेली, प्रिव्ही कौन्सिलही गेले. पण अपिलाच्या पायरीपर्यंत पोहोचण्याआधीच संपणारी माणसे गेली काय? आमच्या वस्त्यांतल्या किती पोरांच्या बायका आणि आया वकिलाच्या फीसाठी मंगळसूत्र मोडतात, ते आम्ही डोळ्यांनी पाहतो.

तुरुंगातून बाहेर आलेला माणूस बहुधा जपून वागतो. पुन्हा कुणाला दुखवू नये, गप्प राहून पैसा मिळवावा, असे त्याला वाटते. कृष्णन यांनी उलट केले. १९४९ मध्ये ‘नल्लतंबी’ हा चित्रपट आला. कथालेखन सी. एन. अण्णादुरै यांचे, नायक स्वतः कृष्णन. त्याच वर्षी अण्णादुरैंनी द्रविड मुन्नेत्र कळघम हा पक्ष स्थापन केला. या चित्रपटात कृष्णन यांनी ‘किंदनार’ नावाचे एक कथाकालक्षेप सादर केले. आमच्या मते त्यांच्या साऱ्या कामगिरीत हे काम सर्वात मोठे आहे.

कथाकालक्षेप म्हणजे आपल्याकडचे कीर्तनच. तंजावरच्या मराठी राजांबरोबर आपले कीर्तन तामिळ मुलखात गेले आणि तिथल्या मातीत हा प्रकार वाढला. त्यातले एक अत्यंत लोकप्रिय आख्यान नंदनारचे. नंदनार हा अस्पृश्य शेतमजूर. चिदंबरमच्या शिवाचे दर्शन घ्यावे, एवढीच त्याची आस. ब्राह्मण जमीनदार रजा देत नाही, अशक्य काम पुढे टाकतो. देव ते काम पार पाडतो. शेवटी नंदनार चिदंबरमला पोहोचतो. पण देवळात शिरण्याआधी त्याला आगीतून जावे लागते. आगीतून तो ‘शुद्ध’ होऊन निघतो आणि देवात विलीन होतो. भक्त या प्रसंगाला मोक्ष म्हणतात. आम्ही याला काय म्हणावे? देवळाच्या दारात एक अस्पृश्य माणूस आगीत गेला आणि परत आला नाही, एवढेच आम्हाला दिसते. आपल्या चोखोबाची आठवण इथे कुणाला होणार नाही?

कृष्णन यांनी हेच आख्यान घेतले, तोच थाट, तोच कीर्तनकाराचा आव, आणि आतला माणूस बदलला. नंदनच्या जागी आला किंदन. अस्पृश्य घरातला हा पोरगा देवाच्या दर्शनाचा नव्हे, तर शिक्षणाचा ध्यास घेतो. चिदंबरमऐवजी तो शहराची वाट धरतो. तिथे शिकतो, अधिकारी होतो आणि शाळा तपासणीस बनून परत येतो. आगीतून गेलेला नंदनार परत आला नव्हता. शाळेतून गेलेला किंदन मात्र परत येतो आणि मास्तर त्याच्यापुढे उभा राहतो! प्रेक्षक पोट धरून हसले. हसता हसता त्यांच्या मनातले सातशे-आठशे वर्षांचे पुराण उलटे झाले.

आता वाचकांनी एक योगायोग ध्यानात घ्यावा. १९४८ मध्ये बाबासाहेबांचा अस्पृश्यांच्या मुळाचा शोध घेणारा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. तो त्यांनी तीन संतांच्या स्मृतीला अर्पण केला आहे: नंदनार, रविदास आणि चोखामेळा. ज्या नंदनारला बाबासाहेबांनी ग्रंथाच्या पहिल्या पानावर मान दिला, त्याच नंदनारची कथा पुढच्याच वर्षी मद्रासचा एक विनोदी नट नव्याने लिहीत होता. दोघांची भेट झाली असे आम्ही म्हणत नाही. पण दिशा एकच होती. १९३० साली काळाराम मंदिराच्या दारात सत्याग्रह करणारे बाबासाहेब १९३५ साली येवल्यात त्या दाराकडे पाठ फिरवतात, आणि १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन करतात. देवळाच्या दारापासून शाळेच्या दारापर्यंतचा हा प्रवास म्हणजेच नंदनारपासून किंदनपर्यंतचा प्रवास! ‘नल्लतंबी’ आला त्याच १९४९ साली गाडगेबाबांनी पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा बाबासाहेबांच्या शिक्षणसंस्थेकडे सोपवली. गाडगेबाबाही कीर्तनच करीत, आणि देवळात जाण्याऐवजी पोरांना शाळेत घालायला सांगत.

कृष्णन आंबेडकरवादी नव्हते. गांधींवर त्यांची श्रद्धा होती. नागरकोविलला गांधींचा स्मृतिस्तंभ त्यांनी स्वतःच्या खर्चाने उभारला. पेरियारांचा विवेक, अण्णादुरैंची मैत्री आणि गांधींवरची श्रद्धा हे सारे त्यांच्यात एकत्र नांदत होते. आमचे त्यांच्याशी मतभेद आहेतच. पण मतभेद आहेत म्हणून किंदनार नाकारायचा काय? तसे करणे हे आपलेच नुकसान आहे.

पुढे त्यांनी ‘मणमगळ’ (१९५१) आणि ‘पणम’ (१९५२) हे चित्रपट दिग्दर्शित केले. दोन्हींचे लेखन एम. करुणानिधी यांचे. पैसा आला तसा गेला. मागणाऱ्याला नाही म्हणणे त्यांना जमत नव्हते, असा त्यांचा लौकिक होता. ३० ऑगस्ट १९५७ रोजी मद्रासमध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा वय पन्नासही नव्हते. दहा वर्षांनी, १९६७ मध्ये, अण्णादुरै मुख्यमंत्री झाले. कर्करोगाने पोखरलेल्या अण्णादुरैंनी जानेवारी १९६९ मध्ये मद्रासमध्ये कृष्णन यांच्या पुतळ्याचे अनावरण केले. तो त्यांचा अखेरचा जाहीर कार्यक्रम ठरला. ३ फेब्रुवारी १९६९ रोजी ते गेले. अण्णादुरै, करुणानिधी, रामचंद्रन: तामिळनाडूचे तीन मुख्यमंत्री ज्या सिनेमातून आले, त्या सिनेमाची जमीन ज्यांनी नांगरली त्यांत हा हसवणारा माणूस पुढे होता.

आणि आपण? आपल्याकडे सत्यशोधक जलसा होता, भीमराव कर्डकांचा आंबेडकरी जलसा होता, वामनदादा होते. गाणे आणि हसणे ही चळवळीची हत्यारे आहेत, हे आपल्या बापजाद्यांना ठाऊक होते. आज आपल्या वस्तीतली पोरे दिवसभर मोबाईलवर जे पाहतात, त्यात नंदनारच नव्या कपड्यांत पुन्हा पुन्हा दाखवला जातो: सोसणारा, शरण जाणारा, शेवटी आगीत शिरून धन्य होणारा. आपण त्यावर निषेधाची पत्रके काढतो. ती काढलीच पाहिजेत. पण पत्रकाने पुराण उलटत नाही. पुराण उलटते ते दुसरी कथा सांगून. आपल्या विहारांत, वसतिगृहांत, जयंतीच्या मंचावर डीजेच्या भिंती उभारायला आपल्याकडे पैसा आहे. तो एखाद्या किंदनची कथा लिहिणाऱ्या पोरावर का खर्च होऊ नये? त्या पोराला लोकांनी हसण्यावारी नेले तरी चालेल. कृष्णन यांचे सारे काम लोकांच्या हसण्यातूनच तर झाले.